मढच्या खडकातलं किचन

“ही बोलते का रे?”

वर्सोव्याच्या जेट्टीवर, बोटीच्या रांगेत, माझ्या मागे कोणीतरी हळूच विचारलं. हळू म्हणजे त्याच्या मते हळू. वैभवदादाचं उत्तरही मला स्वच्छ ऐकू आलं. “बोलते ना. पण शब्द जपून वापरते.” दोघं हसले. मी पुढच्या मोटरसायकलच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचत राहिले. ती मोटरसायकलही आमच्याबरोबर बोटीत चढणार होती.

ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. अंधेरीच्या पश्चिमेला रस्ते संपतात तिथे वर्सोवा गाव, गावाच्या टोकाला खाडी आणि खाडीपलीकडे मढ. रस्त्याने जायचं तर मालाडवरून मोठा वळसा. बोटीने गेलं तर हातातला चहा संपेपर्यंत पलीकडचा किनारा येतो. माणसं, मासळीच्या पाट्या, स्कूटर, शाळेची दप्तरं, सगळी उभी. कोणी टेकत नाही, कारण चढतानाच सगळ्यांना उतरायची घाई असते. मला ते बरं वाटतं. मीही तशीच आहे. एका जागी असले की मन दुसऱ्या जागी पोचलेलं असतं.

आम्ही सात-आठ जण दर उधाणाला मढच्या खडकांवर जातो. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरती खूप वर चढते, ओहोटीही खूप खाली जाते, आणि एरवी पाण्याखाली असलेले खालचे खडकही सकाळी थोडा वेळ उघडे पडतात. मधल्या आठवड्यात पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. भांगाला आमच्यापैकी कोणी जात नाही. तेव्हा बघण्यासारखं काही नसतं.

हे सगळं मला वैभवदादाने शिकवलं. तो बँकेत नोकरी करतो आणि उरलेला वेळ खडकांवर घालवतो. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आले तेव्हा सबंध सकाळ एक शब्द बोलले नव्हते. परत निघताना त्याने एवढंच विचारलं, “पुढच्या वेळी येतेस ना?” बाकी चौकशी नाही. शाळेपासून मला ‘जरा मोकळी हो’ सांगणारी माणसं खूप भेटली. न सांगणारा हा पहिला. त्यामुळे त्याच्या त्या जोकचा मला राग आला नाही. राग आला तो विचारणाऱ्याचा. तो ओंकार, नवीन आलेला, उंच, सिव्हिल इंजिनियर. बोटीतून उतरताना त्यानेच माझी पिशवी धरली, म्हणून तोही राग मला धड ठेवता आला नाही.

मढ, पहिला शनिवार

मढच्या त्या टोकाला खडक काळा आणि खरबरीत आहे. चपलेखाली करकरतो. पाणी मागे सरलं की खडकाच्या खळग्यांमध्ये थोडं थोडं उरतं. इंग्रजीत टाइडपूल. मराठीत मी घरी पहिल्यांदा ‘डबकं’ म्हणाले तेव्हा आईने विचारलं, डबक्यात काय बघायचं, डास? माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे शब्द चुकला असं सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. पण आमच्या गटात सगळे डबकंच म्हणतात.

आमच्या डबक्यांना नावं आहेत. ती तन्वीने ठेवली. तन्वी घाटकोपरची, माझ्याच वयाची. तिचं लहानपण एका खोलीत गेलं, आता बिल्डिंगमध्ये वन-बीएचके मिळालाय, म्हणून आपल्याला जगात सगळीकडे खोल्याच दिसतात असं ती स्वतःच सांगते. सगळ्यात वर, एकटी, कंबरभर खोल, ती टाकी. पाण्याच्या कडेला पसरलेला तो हॉल. हॉलमधून वर एक अरुंद चर जातो, तो पॅसेज. पॅसेजच्या टोकाला, परातीपेक्षा थोडं मोठं, ते किचन. आणि किचनच्या पलीकडे, दुसऱ्या एका फटीने हॉलला जोडलेली, जवळजवळ तेवढीच गॅलरी.

वर्षभर आम्ही एकच गोष्ट बघतोय. कुठल्या डबक्यात किती प्रकारचे जीव राहतात? सुरुवातीला उत्तर सोपं वाटलं. मोठं डबकं, जास्त जीव. हॉलच्या बाबतीत ते खरं निघालं. पण टाकी एवढी मोठी असून तिच्यात नेहमी त्याच त्या काळ्या गोगलगायी आणि थोडं शेवाळ. आणि परातीएवढ्या किचनमध्ये फुलासारखे उमलणारे-मिटणारे जीव, म्हणजे समुद्रफुलं, काचेसारख्या कोळंब्या, शंखात घर केलेले खेकडे, दगडासारखे दिसणारे बोटभर मासे, आणि एकदा तर निळ्या कडेची समुद्री गोगलगाय. वैभवदादाला आधी वाटलं आमची मोजणी चुकतेय. मग त्याने पॅसेजमध्ये हात घातला आणि म्हणाला, बघा, अजून वाहतंय. समुद्र एवढा मागे गेला तरी त्या चरातून पाण्याची एक बारीक ये-जा चालू होती. टाकीला तशी वाट नव्हती. तिच्यात मोठ्या भरतीला जे येऊन पडतं तेवढंच.

मला ते ऐकून मुलुंडचं आमचं घर आठवलं. आमच्याकडे हॉल रिकामा असतो आणि सगळी माणसं किचनमध्ये. कारण मागचं दार किचनमध्ये उघडतं. शेजारच्या काकू, दूधवाला, भावाचे मित्र, मांजर, सगळे तिथूनच येतात. हे मी कोणाला सांगितलं नाही. मनात ठेवलं.

त्या शनिवारी दोन कामं होती. मोजणी, आणि दोन आठवड्यांनंतरच्या रविवारची तयारी. त्या रविवारी आम्ही पहिल्यांदाच पंचवीस-तीस बाहेरच्या माणसांना, लहान मुलांसकट, खडक दाखवायला आणणार होतो. वैभवदादाला काळजी होती ती पायांची. खडकावर जे खडबडीत दिसतं ते बऱ्याचदा जिवंत असतं. पॅसेजच्या दोन्ही कडांवर तर मऊ तपकिरी गाद्या असतात, त्याही जीवच. मागे दोघा पाहुण्यांनी त्या तुडवल्या होत्या आणि ती जागा अजून पांढरी आहे. म्हणून त्याने ठरवलं की पाय ठेवायला दगड लावायचे. दगड कुठे लावायचे? जिथे काही चिकटलेलं नाही तिथे. म्हणजे पॅसेजच्या तळात.

मी तेव्हा हॉलच्या कडेला ओणवी होऊन कोळंब्या बघत होते. मान वर केली तोवर पायवाट झाली होती. पाच-सहा चांगले चपटे दगड, मधल्या फटी ओंकारने बारक्या दगडांनी भरलेल्या. सगळे एकेक करून त्यावरून गेले. कडेला कोणाचाही पाय लागला नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पण घरी जाईपर्यंत काहीतरी टोचत राहिलं आणि ते काय आहे ते मला सापडेना.

अंधेरी, आत्याकडे

मी त्या आठवड्यात मुलुंडला परतले नाही. डी. एन. नगरला माझी आत्या एकटी राहते, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिवसातून ठरावीक वेळा डोळ्यात थेंब घालायचे आणि तिला गॅसपाशी जाऊ द्यायचं नाही, ही माझी ड्यूटी. माझी नोकरी घरूनच असते. एका कंपनीसाठी मी इंग्रजी मजकूर तपासते. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून ती टिकली आहे.

आत्या मालवणची. लग्न होऊन गिरणगावात आली, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला, पण भाषा गावचीच ठेवली. काळा चष्मा लावून खुर्चीत बसून ती मला स्वयंपाक सांगायची. बुधवारी खालून तिसऱ्या आणल्या. आमच्याकडे मुलुंडला शिंपल्या उकडून मांस काढून घेतात. आत्याला ते पसंत नाही. एक शिंप टाकायची, मांस लागलेली दुसरी ठेवायची, मग खोबऱ्याच्या वाटणात घालायची. ती एकशिपी. मी एकेक शिंप उघडून बघत होते, आत काय प्रकार आहे, कडेला रेघा किती आहेत.

“काय वाचतंस त्याच्यात?” आत्या म्हणाली. “पेपर आसा काय तो?”

तिला दिसत नव्हतं असं डॉक्टर म्हणत होते.

जेवताना मी तिला दगडांचं सांगितलं. अर्धवटच, कारण मलाच ते नीट कळलं नव्हतं. तिला पॅसेज आणि किचन तेवढं बरोबर समजलं. ती म्हणाली, “मग मोरी तुंबली तशी तुंबतली ती.” मी म्हटलं, मोरी नाही गं, समुद्र आहे, भरतीला सगळं धुऊन निघतं. हे मी तिला सांगितलं आणि त्याच वेळी माझ्या हातातली शिंप हातातच राहिली. भरतीला सगळं धुऊन निघतं, पण उधाणाच्या भरतीला. भांगाला पाणी तेवढं चढतच नाही. तेव्हा किचनला पाणी मिळतं ते फक्त पॅसेजमधून. आणि भांगाला तिथे काय होतं ते आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नाही.

त्यानंतर मला बसवेना. काम उघडलं, एकच वाक्य तीनदा तपासलं. आत्याच्या घराच्या गॅलरीत गेले, आत आले. आत्या म्हणाली, “फिरतंस कित्याक? जमीन तापली काय?”

भांगाची दुपार

उधाणाची ओहोटी सकाळी नि संध्याकाळी असते. भांगाची ओहोटी ऐन दुपारी येते. हे मला टाइड टेबलवरून माहीत होतं, अंगाला माहीत नव्हतं. मार्चचं ऊन होतं. बोट जवळजवळ रिकामी, पहिल्यांदाच मला बसायला मिळालं आणि बाकडं इतकं तापलेलं की मी उभीच राहिले. मढच्या बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते. त्यांच्यामधून जाताना वास केसांत बसतो आणि दोन दिवस जात नाही.

खडकावर मी एकटीच असेन असं वाटलं होतं. पण आमच्या पायवाटेवर, सगळ्यात चपट्या दगडावर, एक कोळीण बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, शेजारी पाटी, हातात कालवं फोडायचं छोटं लोखंडी हत्यार. मला बघून तिने विचारलं, “काय गो बाय, काय हरवलं?” मी मान हलवली. तिचं नाव हिरामावशी हे मला नंतर कळलं. तिला दगड फार आवडले होते. इतकी वर्षं उकिडवं बसून गुडघे गेले, आता कोणा पुण्यवंताने पाट ठेवलाय, असं ती म्हणत होती. त्या पुण्यवंताला मी ओळखते हे मी सांगितलं नाही.

मग मी किचनपाशी वाकले.

पाणी हिरवं झालं होतं. हात घातला तर कढत. आंघोळीच्या बादलीत जेवढं चालेल तेवढं. समुद्रफुलं सगळी मिटून वाटाण्याएवढी झालेली. कोळंब्या तळाशी आडव्या, पांढऱ्या, शिजवल्यासारख्या. बोटभर माशांपैकी दोन कडेला आले होते आणि पाण्याबाहेर तोंड काढून होते. दगडांच्या फटीत वाळू बसली होती, वाळूवर चिप्सचं पाकीट, पाकिटामागे शेवाळाचा गोळा. पॅसेज हॉलच्या बाजूने ओला होता आणि किचनच्या बाजूने कोरडा.

मी उठून गॅलरीपाशी गेले. तेवढीच मोठी, तेवढ्याच उंचीवर, त्याच उन्हात. तिची फट उघडी होती. पाणी कोमट, पण नितळ. समुद्रफुलं उघडी. माझी सावली पडल्यावर कोळंब्या पळाल्या.

दोन्ही डबक्यांच्या मधे मी किती वेळ येरझाऱ्या घातल्या कोण जाणे. हिरामावशी शेवटी म्हणाली की बाई, बस तरी नाहीतर जा तरी, मला गरगरतंय. मी फोन काढला. वैभवदादाला लिहायला घेतलं. मराठीत लिहिलं तर ते शाळेच्या निबंधासारखं झालं. इंग्रजीत लिहिलं तर फार बिनचूक झालं, कोणाची तक्रार करावी तसं. दोन्ही पुसली. फोटो काढला. फोटोत नुसतं हिरवं पाणी दिसत होतं.

मग मी तेच केलं जे मी नेहमी करते. न बोलता करून टाकायचं. हिरामावशीला उठायला सांगण्याइतकं मात्र बोलावं लागलं. ती उठली, पण खूश नव्हती. मी दगड हलवायला लागले. ओंकारने काम चांगलं केलं होतं, बारके दगड नखांनी उकरावे लागले. मोठे दोन मला उचलेनात, ते मी कसेबसे लोटून बाजूच्या कोरड्या, मोकळ्या खडकावर नेले. हाताला कालवांची धार लागली, रक्त आलं. शेवटी पॅसेजमधून पाण्याची एक जीभ वर आली, थांबली, मागे गेली, परत आली. चिप्सचं पाकीट मी काढून पिशवीत घातलं.

“माजा पाट कुठं नेलास?” हिरामावशी म्हणाली. मी एक दगड तिला पॅसेजपासून लांब, सावलीच्या बाजूला लावून दिला. तिने त्यावर बसून बघितलं, जरा डुलून बघितलं, आणि आधीचा बरा होता असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. आत्याला सांगितलं की लायब्ररीत जातेय. तिने माझ्या केसांचा वास घेतला आणि विचारलं की लायब्ररीत बोंबील वाळत घालतात का. किचनचं पाणी नितळ झालं होतं. मेलेलं मेलं होतं, पण समुद्रफुलं अर्धवट उघडली होती आणि हॉलमधून दोन-तीन कोळंब्या वर आल्या होत्या. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या बोटीत मी एका अनोळखी बाईशी हवामानावर बोलले.

आरेमार्गे मुलुंड

आत्याचे थेंब कमी झाले तशी मी दोन-तीन दिवसांसाठी घरी निघाले. जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता इतका जाम होता की रिक्षावाल्याने मला न विचारता रिक्षा आरेत घातली. आरेचा रस्ता मला आवडतो. एका क्षणी शहर असतं, दुसऱ्या क्षणी शेणाचा वास, तबेले आणि दोन्हीकडे झाडी. मधे एक म्हैस रस्त्यावर उभी होती. सगळ्या गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले. ती या बाजूच्या झाडीतून त्या बाजूच्या झाडीत निघाली होती आणि रस्त्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, रात्री बिबट्याही असाच जातो, मॅडम. त्याची वाट आधीची आहे ना.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. आमच्या गटावर मेसेज होते. वैभवदादा आणि ओंकार रविवारची जागा बघायला गेले होते. दादाने फोटो टाकला होता. ‘कोणीतरी आपली पायवाट उधळली. परत लावली. ह्या वेळी ओंकारने असली ठासली आहे की पावसाळाभर हलणार नाही.’ खाली अंगठे, टाळ्या, हात जोडलेले. तन्वीने लिहिलं होतं, ‘ज्याने केलं त्याला तिथेच बसवून ठेवा यार, भरती येईपर्यंत.’

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. म्हैस गेली. रिक्षा सुरू झाली.

मुलुंडला आईने विचारलं, हाताला काय झालं. मी म्हटलं खडक लागला. जेवताना किचनमध्ये नेहमीची गर्दी होती, शेजारच्या काकू मागच्या दारातून कोथिंबीर मागायला आल्या आणि बसल्याच. मी ते दार बघत राहिले. रात्रीपर्यंत चार वेळा मेसेज लिहिला. दादा रागावेल ही भीती नव्हती. तो रागावत नाही. तो हिरमुसेल. इतके दिवस विचार करून, कोणाचा जीव तुडवला जाऊ नये म्हणून त्याने ती वाट केली होती, आणि मी त्याला सांगायचं की त्या वाटेनेच जीव जातायत. तेही त्याच्या मोठ्या रविवारी. आणि ज्याला मी पहिल्या दिवशी काही न बोलता आवडले, त्याच्याशी पहिल्यांदा बोलायचं ते हे.

आणखी एक अडचण होती. रविवार उधाणाचा होता.

मढ, रविवार

शनिवारी संध्याकाळी परत आत्याकडे. तिला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं आणि मी जेवत नाहीये हेही दिसलं. मी सगळं सांगितलं, यावेळी पूर्ण. ती शांतपणे म्हणाली, “त्याचो नंबर दे. मी सांगतंय.” ती खरंच सांगेल अशी बाई आहे. मी फोन उशीखाली घेऊन झोपले.

पहाटेच्या बोटीत तीसेक माणसं आमची होती. मुलं कठड्याला लोंबकळत होती, आया ओरडत होत्या. वैभवदादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्याच्याजवळ दोनदा गेले. पहिल्यांदा तो एका आजोबांना लाइफजॅकेट बांधत होता. दुसऱ्यांदा तोच म्हणाला, “तू आलीस ना, बरं झालं. पायवाटेपाशी तू उभी राहा. मुलांचे हात धर. बोलायचं काम नाही, मी बोलतो.” त्याने माझ्यासाठी सोपं काम शोधून ठेवलं होतं.

खडक उघडा पडला होता, काळा, चकचकीत. मी धावतच किचनपाशी गेले. आणि जे होणार हे मला माहीत होतं तेच झालं होतं. रात्रीच्या मोठ्या भरतीने सगळं धुतलं होतं. पाणी आरशासारखं. समुद्रफुलं उघडी. एक छोटा खेकडासुद्धा. हिरवं काही नाही, कढत काही नाही. दगड मात्र पॅसेजमध्ये घट्ट, फटींत बारके दगड, त्यांच्या फटींत वाळू. आज कोणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती सुंदर, आणि किती छान सोय. अजून आठ दिवसांनी भांग, आणि ऊन आणखी वाढलेलं. तेव्हा इथे कोणी नसेल.

लांबून हिरामावशी पाटी घेऊन येत होती. तिने मला बघितलं, मग परत लावलेले दगड बघितले, आणि तिचा चेहरा उजळला.

वैभवदादा लोकांना घेऊन आला. तो छान बोलतो. मोठं डबकं आणि छोटं डबकं, टाकी एवढी मोठी असून गरीब का आणि हे एवढंसं किचन श्रीमंत का, ते त्याने विचारलं. एका मुलीने सांगितलं की टाकीला दरवाजा नाही. सगळे हसले, दादाने तिला शाबासकी दिली. अगदी बरोबर, तो म्हणाला, येण्याजाण्याची वाट हवी. आणि तो हे त्या दगडांवर उभा राहून म्हणत होता.

मी आजूबाजूला बघितलं. कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तन्वी फोटो काढत होती. ओंकार पहिल्या दगडावर पाय दाबून तो हलत नाही ना ते बघत होता. “चला,” दादा म्हणाला, “एकेक करून. कडेला पाय लावायचा नाही. ताई हात धरेल.” ती दरवाजावाली मुलगी पुढे आली आणि तिने माझ्याकडे हात केला. माझा हात तिच्या हातात गेला. तिचा दुसरा पाय अजून खडकावर होता. मी तिला पुढे ओढलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, मग तिची आई, मग मागची रांग. दादाने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, काय झालं असं. इंग्रजीत एक अख्खं, नीट वाक्य डोक्यात तयार होतं. ते मी सोडून दिलं.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “दादा, दरवाजा हाच आहे, आणि आपण त्यात दगड भरलेत. आज पाणी छान दिसतंय कारण आज उधाण आहे. भांगाला दुपारी मी एकटी आले होते, तेव्हा आतलं सगळं शिजलं होतं. तुझी वाट उधळणारी मीच. आज परत काढायचे आहेत, पण ओंकारने फार घट्ट बसवलेत, मला एकटीला निघणार नाहीत. या सगळे, उचलू लागा.”